बंबाचं धुराडं

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेल्या एका मुलीचा गेल्या आठवड्यात फोन आला. ती आणि तिचा नवरा घर शोधत फिरताहेत. एक घर मनात भरलंय, पण त्यातल्या एका बेडरूमच्या भिंतीवर गॅसचा हीटर आहे. एजंट म्हणतो, कपाट करून झाकून टाका, दिसणारसुद्धा नाही. "एवढ्याशा कारणासाठी चांगलं घर सोडायचं का हो ताई?" तिने विचारलं. हा प्रश्न मला हल्ली कुणी ना कुणी विचारतं, कारण आमच्याकडे काय झालं ते अर्धवट सगळ्यांना माहीत आहे. एरवी मी फटकन बोलून मोकळी होते. त्या दिवशी म्हटलं, फोनवर नको, संध्याकाळी घरीच ये, आईला भेट.

ते सगळं झालं तेव्हा आम्ही इथल्या हौगांग भागात एका जुन्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो. पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालो होतो, लेकीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती, नवऱ्याला तुआसच्या कारखान्यात नेणारी कंपनीची बस ब्लॉकच्या, म्हणजे आमच्या इमारतीच्या, खालीच थांबायची. मालकीणबाई वयस्कर चिनी होत्या, पूर्वी त्याच घरात राहायच्या, आता जवळच्याच ब्लॉकमध्ये मुलाकडे गेल्या होत्या. एक दिवस त्या संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घर विकायचंय, बाहेर सांगायच्या आधी तुम्हांला विचारते. मला तर उड्या मारायच्याच बाकी होत्या. बाबा गेल्यापासून आई पुण्यात एकटी होती आणि तिला इथे आणायचं तर तिसरी खोली हवी होती. ती या घरात होती.

ही तिसरी खोली मुळातली नव्हे. स्वयंपाकघराच्या मागे कपडे वाळत घालायची मोकळी जागा होती. मालकीणबाईंच्या नवऱ्याने कधीतरी तिला भिंत आणि पट्ट्यापट्ट्यांच्या काचेच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, आत पलंग आणि एसी बसवला होता. मोकळ्या जागेत टांगलेला गॅसचा हीटर मात्र जिथल्या तिथे राहिला. त्याच्याभोवती जाळीच्या दारांचं पांढरं कपाट केलेलं होतं. घरात कुठेही गरम पाण्याचा नळ सोडला की कपाटात भप्प असा आवाज व्हायचा आणि पाणी चालू असेपर्यंत आत काहीतरी गुणगुणत राहायचं.

मला ते आवडलं नव्हतं. झोपायच्या खोलीत जाळ कशाला, असं मी तेव्हाही म्हटलं. मालकीणबाईंच्या बरोबर आलेल्या एजंटने माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघितलं आणि म्हणाला, साऊथ-ईस्ट कॉर्नर, मॅडम, फायर कॉर्नर, व्हेरी गुड वास्तू. इंडियन लोकांना काय सांगितलं की गप्प बसतात ते याला पक्कं ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं, पण नवराच त्याच्या बाजूने बोलला. "अगं, आपल्याकडे जे अपघात होतात ते बाथरूममध्ये गॅस गीझर लावल्याने. इथे तो बाथरूममध्ये नाहीच आहे. उलट बरंय." तो तुआसला रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर, गॅस म्हणजे त्याचं रोजचं काम. त्याने सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं. एकही बुडबुडा आला नाही. आम्ही पुण्याहून एवढंच शिकून आलो होतो, की गॅस गीझर न्हाणीघरात नको आणि नळीतून गळायला नको. त्या दोन्ही गोष्टी जमल्यावर आमचं समाधान झालं.

आई आली ती श्रावणात. बॅगा ठेवल्या, हातपाय धुवायला आत गेली, नळ सोडला, आणि भप्प झालं. ओले हात पदराला पुसत ती आपल्या खोलीत आली, कपाटाची दारं उघडून बघितली. "अगं बाई, हा तर बंब," ती म्हणाली. मग मान वर करून तिने छताकडे बघितलं, भिंतीच्या मागे काय आहे ते खिडकीतून वाकून बघितलं. "याचं धुराडं कुठंय?"

"याला धुराडं लागत नाही, आई," नवरा म्हणाला. "नवीन पद्धतीचा आहे."

"जाळ आहे ना पण?"

"आहे. पण धूर होत नाही."

"जाळ आहे आणि धूर नाही," आई म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो. लेक तर पलंगावर लोळून हसली. आईही मग हसली, जावयासमोर आणखी काय करणार.

बंब हा शब्द मात्र घरात राहिला. माझी लेक तेव्हा बारा वर्षांची होती, मराठी कळायचं, बोलायची इंग्रजीतून. एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या मलाय बाईंनी आजी कशी आहे असं विचारलं, तर ही म्हणाली, "ओके, बट शी सेज हर रूम गॉट बॉम्ब लाह." त्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी पुढचे सगळे मजले बंब म्हणजे काय ते समजावत होते. घरी येऊन मी लेकीवर ओरडले आणि नंतर नवऱ्याला सांगताना पोट धरून हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

आई आली आणि थोड्याच दिवसांत इथल्या चिनी पंचांगातला सातवा महिना लागला. खाली ब्लॉकच्या आवारात पत्र्याच्या पिंपांमध्ये लोक कागदी नोटा जाळायला लागले, गवतावर मेणबत्त्या आणि फळं मांडायला लागले. राख उडून आमच्या मजल्यापर्यंत यायची. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे यांचा पितृपक्षच," ती म्हणाली आणि खिडकीतून हात जोडले. पण धूर तिला सोसेना. तिने काचेच्या पट्ट्या घट्ट लावल्या, तरी फटींतून वास येतो म्हणून वर्तमानपत्राच्या घड्या करून एकेका फटीत नीट खोचल्या. गोधडीला टाके घालावेत तितक्या नेटकेपणाने. महिना संपला, आपला पितृपक्ष सुरू झाला, तोही संपला. कागद तसेच राहिले. एसी असतो, मग पुन्हा काढायचे कशाला, असं तिचंही मत आणि आमचंही.

घराचं बोलणं या काळात अडलं होतं. सातव्या महिन्यात घराच्या गोष्टी करायच्या नाहीत म्हणून मालकीणबाई थांबल्या, आणि पितृपक्षात सही करायची नाही म्हणून आई. दोघींचं यावर इतकं जमलं की एकमेकींची भाषा येत नसताना त्या तास तास खाली कट्ट्यावर बसायच्या. शेवटी पाडव्याचा दिवस ठरला. दिवाळीच्या पाडव्याला सही करू, मुहूर्तही चांगला आणि सुट्टीच्या आसपास, असं नवऱ्याने कळवून टाकलं.

मालकीणबाईंना आमचं एकच कोडं पडलेलं होतं. इतक्या उकाड्यात तुम्ही रोज गरम पाण्याने आंघोळ करता, वॉट फॉर? त्या इतकी वर्षं त्या घरात राहिल्या, पण हीटर क्वचित लावायच्या, कुणी आजारी पडलं तरच. आणि खिडक्या कधी बंद करायच्या नाहीत. आमच्याकडे मात्र सकाळी कढत पाणी अंगावर पडल्याशिवाय आंघोळ झाली असं वाटत नाही, मग ते पुणं असो नाहीतर विषुववृत्त. पहाटे नवरा, मग लेक, मग मी. तेवढा वेळ आई आपल्या खोलीत दार लावून नामस्मरणाला बसलेली असायची. बंब गुणगुणत असायचा.

नवरात्रात कधीतरी तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर बरी असायची, आम्ही आवरून बाहेर पडेपर्यंत कपाळ धरून बसायची. मळमळायचं. एकदोनदा उलटीही झाली. "पित्त," ती म्हणाली. अर्थात पित्त. आमच्या घराण्यात डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, चिडचिड झाली की पित्त खवळलं. मी आमसुलं भिजत घातली, धणे-जिऱ्याचं पाणी केलं, तिच्या बॅगेतला मोरावळा काढला. चहा बंद केला. तिने रात्रीचं जेवण सोडलं. खाली जाऊन मालकीणबाईंबरोबर बसली की तिला हळूहळू बरं वाटायचं, आणि आम्ही म्हणायचो, तिला माणसं लागतात, घरात एकटी पडते. त्यातही खोटं काही नव्हतं.

मी तिला क्लिनिकमध्ये नेलं. तरुण डॉक्टरीणबाई होती, भली होती, वेळ काढून विचारत होती. काय होतंय? आई मराठीत म्हणाली, "पित्त आहे, आयुष्यभराचं आहे, माझं मला कळतं." मी इंग्रजीत काय सांगणार? पित्ताला इंग्रजी शब्दच नाही. इथे सगळे जे म्हणतात तेच माझ्या तोंडातून गेलं, "गॅस्ट्रिक." डॉक्टरीणबाईने मान डोलावली, पोट दाबून बघितलं, गॅस्ट्रिकच्या गोळ्या लिहून दिल्या. डोकं दुखतं हे मी सांगितलं का? सांगितलं, पण पित्ताचा भाग म्हणून सांगितलं, आणि तिने गॅस्ट्रिकचा भाग म्हणून ऐकलं. एका शब्दातून दुसऱ्या शब्दात जाताना जे हरवायचं ते तिथे त्या टेबलावर हरवलं.

दिवाळी जवळ आली तशी आई थोडी विसरायला लागली. चकलीची भाजणी मळताना मीठ दोनदा घातलं. लेकीला माझ्या नावाने हाक मारली. वय झालं, मी मनाशी म्हटलं, आणि मला भीती वाटली ती भलत्याच गोष्टीची. बरं झालं वेळेत इथे आणली, आता घर घेऊ, तिची खोली तिच्या मनासारखी करू, असं मी नवऱ्याला म्हणाले. त्या कपाटाला आतून मऊ काहीतरी लावून घेऊ, म्हणजे आवाज येणार नाही, हेही मीच सुचवलं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटे आईने आम्हांला उठवलं. तिने पाट मांडला होता, रांगोळीची चार बोटं ओढली होती. कारीट इथे कुठलं मिळायला, म्हणून अंगठ्याखाली चिरडायला लिंबू ठेवलं होतं. तिने मला तेल लावलं, नातीला लावलं, जावयाच्या टाळूवर थेंब टेकवला. मग मोठी म्हणून तीच आधी न्हायली. केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही सावकाश करा. मी नवी साडी नेसते आणि जरा टेकते. डोकं जड झालंय." तिने दार लावून घेतलं.

त्या दिवशी आम्ही सावकाशच केलं. दोन्ही बाथरूममध्ये एकाच वेळी पाणी चालू होतं. तेल आणि उटणं सहज निघत नाही, लेकीचे केस लांब, तिने शिकेकाई कधी वापरलेली नव्हती. मी बाहेर आले, फराळाची ताटं भरली. अनारसे आईने केले होते. तिला हाक मारली. मग पुन्हा मारली. लेक अजून आत होती, पाण्याचा आवाज येत होता, आणि आईच्या बंद दारामागून बंबाची ती गुणगुण.

मी दार उघडलं. आत दमट होतं आणि एसी चालू असूनही गरम. आई नवी साडी नेसून पलंगाच्या कडेला टेकून बसलेली होती, मान भिंतीला लावून. तिचा चेहरा चांगला दिसत होता. तिच्या गालांवर लाली होती, कितीतरी दिवसांत दिसली नव्हती अशी. मला वाटलं, आज हिला बरं वाटतंय. मी जवळ गेले, खांद्याला हात लावला, आणि ती उशीसारखी एका बाजूला कलंडली. मला गरगरलं. कपाटाच्या जाळीतून जाळ दिसत होता. तो निळा असायचा. त्या दिवशी तो पिवळा होता, लांब, आणि वर कपाटाचं फळकूट काळं झालं होतं. तेव्हा मला ऐकू आलं, आईच्याच आवाजात, याचं धुराडं कुठंय.

मी लेकीला नळ बंद करायला ओरडले. नवरा धावत आला, दारातच थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही कळलंय. त्याने कोपराने खिडकीच्या काचा फोडल्या. वर्तमानपत्राच्या घड्या तशाच्या तशा खाली पडल्या. आम्ही दोघांनी आईला उचलून बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेऊन निजवलं, शेजाऱ्यांनी दारासमोर लावलेल्या पणत्यांच्या बाजूला. लेक ओल्या केसांनी फोनवर पत्ता सांगत होती. अॅम्ब्युलन्सच्या माणसाने विचारलं, आजारपण काही होतं का, तर ती रडत म्हणाली, "गॅस्ट्रिक." मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, गॅस्ट्रिक नाही, गॅस.

नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात तिला नाकातोंडावर मास्क लावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, जाळाला हवा कमी पडली की वास नसलेला, रंग नसलेला विषारी वायू तयार होतो, धूर दिसतच नाही. नवऱ्याने मान खाली घालून ऐकलं. त्याला हे सगळं माहीत होतं. कारखान्यात हा वायू मोजायचं यंत्र तो रोज छातीला लावतो आणि संध्याकाळी खण उघडून आत ठेवून घरी येतो. "मी गळती शोधत होतो," एवढंच तो बोलला. त्याला म्हणण्यासारखं खूप होतं, पण मग ते स्वतःलाही म्हणावं लागलं असतं. पाडव्याला आम्ही तिथल्याच खुर्च्यांवर बसून होतो. मालकीणबाई आल्या, आईचे पाय चादरीवरून चेपत बसल्या. नंतर त्यांनी तो हीटर काढून टाकला, खोलीची भिंत पाडली. आम्ही ते घर घेतलं नाही.

आई वाचली. लोक इथपर्यंत ऐकतात आणि हुश्श करतात. काही आठवडे ती खरंच बरी होती, बोलत होती, चालत होती, आम्हीही हुश्श केलं होतं. मग एकेक निसटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असं मागाहून होऊ शकतं. तिला आता बाबा गेले हे आठवत नाही. दिवाळीचा तो दिवस आठवत नाही, हौगांग आठवत नाही, मालकीणबाई भेटायला आल्या की ती त्यांना पाहुण्यासारखं बसा म्हणते. तिच्याजवळ एवढ्या सगळ्यातून नेमकं काय उरावं, यावरून माझा कुणावर तरी राग आहे, आणि तो कुणावर काढायचा ते मला कळत नाही.

ती मुलगी ठरल्याप्रमाणे संध्याकाळी आली. येताना मिठाई घेऊन आली होती, आईच्या पाया पडली. मी चहा टाकला. आता आमच्या या घरात गॅसचं पाणी नाही. विजेचा हीटर आहे, तोही बाथरूमच्या छतामागे, त्याला जाळच नाही. मुलगी आईशेजारी बसून तिच्या घराचं सांगत होती, हवा कशी छान येते, त्या एका खोलीचं काय करता येईल, तिची सासू पुढच्या वर्षी येणार आहे तर तिला तीच द्यावी. एवढ्यात आत लेकीने आंघोळीसाठी नळ सोडला.

आईने कान टवकारले. तिने मान वर केली, छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "बंब पेटला," ती म्हणाली. "याचं धुराडं कुठंय?"

मुलगी हसली. गोड हसली, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला हसतात तसं, आणि माझ्याकडे बघायला लागली. ती कौतुकाने वाट बघत होती की मी आईला काहीतरी उत्तर देईन. उत्तर सोपं आहे, आणि आता ते खरंही आहे. याला धुराडं लागत नाही, आई. पण हे वाक्य मला बोलता येत नाही. त्या दिवसापासून एकदाही आलेलं नाही. मी उठले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडायला लागले. शेवटच्या खिडकीपाशी मागे वळून बघितलं तेव्हा ती मुलगी हसायची थांबली होती.